दोन ग्राफिक्स कार्डांची पारख

(लेखक : एक घाऊक धान्य व्यापारी, माधव नगर, उज्जैन)

दरसाल स्मरणिका निघावयाची वेळ आली म्हणजे चिटणीस साहेबांचा निरोप येतो की, "सभासदांना उपयोगी पडेल असे काही तरी लिहा." आजवर मी गव्हाच्या साठवणुकीवर लिहिले, बारदानाच्या हिशेबावर लिहिले, एकदा वाहतुकीतील तुटीवरही लिहिले. यंदाचा विषय वाचून मात्र अनेक बंधूंना हसू येईल. ज्या गृहस्थाचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले आणि ज्याचे सारे आयुष्य पोती मोजण्यात गेले, त्याने संगणकातील ग्राफिक्स कार्डावर लेख लिहावा, हे थोडे विपरीतच दिसते. तथापि या विषयात माझ्या हातून एक चूक घडली, तिची झळ घरातील दुसऱ्याच व्यक्तीस लागली, आणि ती चूक समजून घेण्यासाठी जो अभ्यास करणे मला भाग पडले, तो अन्य सभासदांच्या घरी कामास येईल असे वाटते. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी मुलगा, मुलगी अथवा सून या वस्तूची मागणी करीत असते. आणि पैसे आपण देणार म्हणून निवडही आपणच करावी, असा आपला समज असतो.

आमची धाकटी सून घरी बसून गृहसजावटीची चित्रे तयार करते. घर बांधून होण्यापूर्वीच दिवाणखाना कसा दिसेल, फरशीवर खिडकीतले ऊन कसे पडेल, कपाटाच्या लाकडाच्या रेषा कशा उमटतील, याचे हुबेहूब चित्र ती संगणकावर काढून देते. 'ब्लेंडर' नावाचा एक प्रोग्राम विनामूल्य मिळतो, त्यावर तिचे काम चालते. २०२३ च्या दिवाळीत तिच्यासाठी नवा संगणक घ्यावयाचे ठरले. तिने एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहून दिले होते : "आरटीएक्स ३०६०, मेमरी १२ जीबी." दुकानात गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "शेठजी, हे २०२१ चे मॉडेल आहे. आता ४०६० आले आहे. वीज कमी खाते, काम अधिक करते, आणि किमतीतही फारसा फरक नाही." मला वाटले, सून बिचारी जुन्या मालात गुंतून पडली आहे. त्याच भावात नवे पीक मिळत असता गतसालचा माल कोण उचलील? मी तिला फोन करून विचारलेही नाही. ४०६० घेऊन घरी आलो. तिने खोका पाहिला, त्यावरील अक्षरे वाचली, आणि "ठीक आहे, बाबा," एवढेच म्हणाली.

पुढे पौषातल्या एका रात्री, दहाचा सुमार असेल, मी ओट्यावर बसलो असता ती शाल गुंडाळून बाहेर पडताना दिसली. हातात लहानशी हार्ड डिस्क होती. विचारले तेव्हा म्हणाली, "भाऊजींकडे जाऊन येते, चित्र तिथे लावायचे आहे." भाऊजी म्हणजे माझा पुतण्या. तो टॉवरच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याने २०२१ साली अवाच्या सवा भाव देऊन ३०६० घेतले होते, आणि खेळाच्या नादापायी पैसा उधळला म्हणून आम्ही सर्वांनी त्याची यथेच्छ थट्टा केली होती. नव्या संगणकाची मालकीण जुन्या संगणकाकडे रात्री काम घेऊन जाते, याचा अर्थ काय हे मी दुसऱ्या दिवशी पुतण्याला खोदून विचारले. तेव्हा कळले की, हे दोन महिने असेच चालले होते. मोठे चित्र घेतले की तिचे नवे कार्ड "मेमरी पुरत नाही" असे म्हणून काम सोडून देई. मग ती चित्रातील बारकावे कमी करी. एका गिऱ्हाइकाने लाकूड धुरकट दिसते म्हणून चित्र परत केले आणि पुढचे काम दुसरीकडे दिले. ती मला एका शब्दाने बोलली नाही, हे मला अधिक लागले.

त्या दिवसापासून मी या दोन कार्डांचा हिशेब समजून घेण्यास बसलो. पुतण्याने कागद पुरविले, अर्थ सुनेने सांगितला, आणि गुणाकार मी केले.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे आपल्या पेढीवरचा मुनीम. तो पत्र लिहील, उधारी पाहील, भाव ठरवील. कोणतेही गुंतागुंतीचे काम करील, पण एका वेळी थोडेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हमालांची टोळी. प्रत्येक हमालाचे काम अगदी साधे, पण हजारो हमाल एकदम उचलतात. अशी टोळी का लागते? नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. हलते चित्र सुरळीत दिसावयाचे तर सेकंदाला साठ वेळा ते नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. मुनीम कितीही हुशार असला तरी हे त्याचे काम नव्हे.

अनेक लहान कामकऱ्यांना एकत्र जुंपून मोठे काम काढण्याची ही कल्पना आपल्या मराठी मुलखास नवी नाही. पुण्यास १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तेथे सिद्ध झाला, तो याच तत्त्वावर. त्याच संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्यात जी कामकरी यंत्रे आहेत ती एनव्हिडिया कंपनीची 'ए१००' नावाची. म्हणजे आमच्या सुनेच्या कार्डाचीच थोरली भावंडे. या कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' हे कार्ड काढले ते खेळांसाठी. २००७ साली तिने 'कुडा' नावाची व्यवस्था उपलब्ध करून दिली, आणि चित्राखेरीज इतर आकडेमोडही या हमालांकडून सोयीने करून घेता येऊ लागली.

आता आपली दोन कार्डे. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आले. अमेरिकेतील जाहीर किंमत ३२९ डॉलर. आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये आले. जाहीर किंमत २९९ डॉलर. ३०६० मध्ये ३५८४ हमाल आहेत. त्यांना 'कोअर' म्हणतात. ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्या कार्डात हमाल कमी! हे वाचून मी प्रथम चकित झालो. परंतु हमालांची संख्या हा हिशेबाचा अर्धा भाग झाला. प्रत्येक हमाल किती चपळ, हा उरलेला अर्धा. ३०६० चा ठोका पूर्ण भरात सेकंदाला १७७.७ कोटी, तर ४०६० चा २४६ कोटी. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक कोअर एक गुणाकार व एक बेरीज अशा दोन क्रिया करू शकतो. तेव्हा,

३५८४ × १७७.७ कोटी × २ = सुमारे १२.७ लाख कोटी क्रिया दर सेकंदाला;
३०७२ × २४६ कोटी × २ = सुमारे १५.१ लाख कोटी क्रिया दर सेकंदाला.

म्हणजे हमाल कमी असूनही नवी टोळी सुमारे १९ टक्के अधिक माल उचलते. कंपनीने स्वतः खेळांमधील फरक सुमारे २० टक्के सांगितला होता. मॅट्रिकच्या गणिताने काढलेला आकडा आणि कंपनीचा आकडा इतके जवळ आले, तेव्हा मला, खरे सांगावयाचे तर, थोडा अभिमान वाटला.

विजेचे पाहावे तर नवे कार्ड फारच सरस आहे. ३०६० पूर्ण भरात १७० वॅट घेते, ४०६० फक्त ११५. फरक ५५ वॅटचा. दिवसाला सहा तास आणि वर्षाला ३०० दिवस पूर्ण भाराने काम केले तर ९९ युनिटांची बचत होते. आपापल्या दराने गुणून पाहावे. शिवाय जेवढी वीज कमी तेवढी उष्णता कमी, आणि वैशाखात आमच्या माळव्यातल्या खोलीत बसणाऱ्याला हा फरक बिलावर पाहावा लागत नाही. याचे कारण घडणावळीत आहे. जुन्या कार्डाची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने घडविलेली, नव्याची तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या अधिक सूक्ष्म अशा '४एन' पद्धतीने.

येथवर दुकानदाराचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे मान्य केले पाहिजे. तो खोटे बोलला नाही. त्याने फक्त वखारीविषयी काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

हमालांना माल कोठून मिळतो? कार्डावरच एक वखार असते. तीच त्याची मेमरी. चित्रातील प्रत्येक वस्तूचा आकार, प्रत्येक लाकडाचा, कापडाचा, दगडाचा पोत या वखारीत भरून ठेवावा लागतो. ३०६० ची वखार १२ जीबीची, ४०६० ची ८ जीबीची. वखारीपासून हमालांपर्यंत जो रस्ता आहे तोही निरनिराळा. ३०६० चा रस्ता १९२ पदरी आणि प्रत्येक पदरावरून सेकंदाला १५ अब्ज बिट जातात. आठाने भागले म्हणजे ३६० जीबी. ४०६० चा रस्ता १२८ पदरी, पदरागणिक १७ अब्ज बिट. म्हणजे २७२ जीबी. जुन्या कार्डाचा रस्ता सुमारे एक तृतीयांशाने अधिक माल नेतो. मग नवे कार्ड अडखळत कसे नाही? तर त्याच्या कर्त्यांनी हमालांच्या हाताशी एक मोठा ओटा बांधून दिला आहे. जो माल वारंवार लागतो तो ओट्यावरच ठेवावयाचा, म्हणजे वखारीपर्यंतची खेप वाचते. या ओट्यास 'कॅश' म्हणतात. आपल्या रोकडीशी या शब्दाचा संबंध नाही. ३०६० चा ओटा ३ एमबीचा होता, ४०६० चा २४ एमबीचा आहे. ही युक्ती चांगलीच आहे, आणि बहुतेक खेळांत ती उत्तम चालते.

परंतु ओटा कितीही मोठा केला तरी वखारीत न मावणारा माल वखारीत मावत नाही. ८ जीबीच्या वखारीत १० जीबीचे चित्र घालावयास गेले तर दोनच गोष्टी घडतात. एक तर प्रोग्राम काम सोडून देतो; अथवा उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे गावाबाहेरच्या भाड्याच्या गोदामात ठेवून तेथून ने-आण करतो. आणि त्या गोदामाचा रस्ता किती अरुंद! ४०६० ला मुख्य संगणकाशी जोडणारे आठच पदर दिलेले आहेत. नव्या पद्धतीच्या संगणकात त्यावरून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात; संगणक मागच्या पिढीचा असेल तर सुमारे ८. कोठे २७२ आणि कोठे ८! ३०६० ला सोळा पदर आहेत, म्हणून जुन्या संगणकातही त्याला सुमारे १६ मिळतात. ज्या सभासदांच्या घरचा संगणक सात-आठ वर्षांचा आहे आणि त्यात फक्त कार्ड बदलावयाचे आहे, त्यांनी पदरांची ही बाब दुकानात अवश्य विचारावी. ती खोक्यावर ठळक छापलेली नसते.

एवढे कळल्यावर मी प्रयोग करावयाचे ठरविले. कागदावरचा हिशेब आणि काट्यावरचा माल यांत फरक पडू शकतो, हे आपणांस सांगावयास नको. रविवारी पुतण्यास त्याचे कार्ड घेऊन बोलाविले. अट अशी घातली की, संगणक एकच, खोली एकच, चित्र तेच, मांडणी तीच. बदलावयाचे ते फक्त कार्ड. दोन वेगवेगळ्या संगणकांवर दोन कार्डे पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे एक पोते कोरडे आणि दुसरे ओले तोलून गव्हाची जात ठरविण्यासारखे आहे. प्रत्येक चित्र तीनदा लावले; पहिल्या खेपेचा वेळ धरला नाही, कारण पहिल्या खेपेस तयारीचा काही वेळ जातो. सुनेने दोन चित्रे निवडली. एक लहान, स्वयंपाकघराचे, ८ जीबीत सहज मावणारे. दुसरे तेच दिवाणखान्याचे, जे गिऱ्हाइकाने परत केले होते; त्याचे मूळ, बारकावे न काढलेले रूप.

लहान चित्र नव्या कार्डाने बऱ्याच फरकाने आधी संपविले, तिन्ही वेळा. पुतण्याचा चेहरा उतरला. मग मोठे चित्र लावले. नव्या कार्डाने सुरुवात केली, मिनिटभर विचार केला आणि तीच इंग्रजी ओळ पडद्यावर आणून ठेवली. जुन्या कार्डाने ते चित्र आरंभापासून शेवटपर्यंत सावकाश पुरे केले. लाकडाची रेष न रेष दिसत होती. खोलीत कोणी काही बोलले नाही. मी सुनेला म्हटले, "तुझी चिठ्ठी बरोबर होती." ती म्हणाली, "बाबा, घरची चित्रे लहान असती तर तुमचेही कार्ड बरोबरच होते." हे तिचे सौजन्य झाले, पण शास्त्रदृष्ट्याही ते खरे आहे.

कारण आपल्या मालाचेच घ्या. कोणी विचारले की, शरबती चांगला की कठिया, तर आपण काय सांगतो? पोळी करावयाची असेल तर शरबती घ्या. दलिया अथवा बाटी करावयाची असेल तर कठिया घ्या. गिऱ्हाईक काय शिजविणार हे विचारल्यावाचून जात सांगणारा व्यापारी आपण कच्चा समजतो. कार्डाच्या दुकानात मात्र मी स्वतःच तसा वागलो.

खेळांसाठी कार्ड घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जाहिरातीत सेकंदाला किती चित्रे पडतात याची सरासरी दिलेली असते. सरासरी हा फसवा सोबती आहे. साठ चित्रे म्हणजे प्रत्येकास सुमारे १६.७ मिलिसेकंद. आता समजा, पहिल्या अर्ध्या सेकंदात ५९ चित्रे झरझर निघून गेली आणि साठावे अर्धा सेकंद अडकले. सरासरी साठच भरते. पण पाहणाऱ्यास स्पष्ट धक्का बसतो. म्हणून जाणकार लोक सरासरीशेजारी सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेग स्वतंत्र देतात. पोत्याच्या तोंडाशी मूठ घालून माल पाहावयाचा नसतो, तळापर्यंत परखी खुपसावी लागते, तसाच हा प्रकार आहे. वखार अपुरी पडली की सरासरी फारशी न हलता हे धक्के मात्र वाढतात. २०२३ साली संगणकावर आलेल्या काही मोठ्या खेळांत ८ जीबीच्या कार्डांचे असेच झाले. बारकाव्यांची पातळी एक पायरी खाली आणली की ते थांबतात.

दुसरे असे की, ४०६० ला एक कला येते जी ३०६० ला येत नाही. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये ते स्वतःच्या अंदाजाने एक तिसरे चित्र घालते. त्यामुळे हालचाल अधिक मऊ दिसते. कला उपयुक्त आहे. परंतु काही जाहिराती ही अंदाजाची चित्रे खऱ्या चित्रांत मिळवून नवे कार्ड जुन्याच्या पावणेदोन पट वेगवान असल्याचे दाखवितात. भरती घातलेला माल निव्वळ वजनात धरू नये. सुनेच्या कामात तर या कलेचा काहीच उपयोग नाही, कारण तिला एकच चित्र हवे असते आणि तेही खरे. उलट जे चलच्चित्रे संपादित करतात त्यांच्यासाठी ४०६० मध्ये 'एव्ही१' या नव्या पद्धतीने चित्रफीत बांधण्याची सोय आहे. ३०६० ला ती फीत उलगडून दाखविता येते, बांधता येत नाही.

हल्ली काही तरुण सभासद विचारतात की, भाषा समजणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रणा आपल्याच पेढीच्या संगणकावर चालविता येईल काय, म्हणजे आपले हिशेब बाहेर पाठवावे लागणार नाहीत. येते, आणि तेथेही प्रश्न वखारीचाच आहे. अशा यंत्रणेत अब्जावधी आकडे साठविलेले असतात. आठ अब्ज आकड्यांची यंत्रणा, प्रत्येक आकड्यास एक बाइट धरला, तर ८ जीबी झाले. शिवाय काम करावयास थोडी मोकळी जागा हवीच. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात ती मावत नाही, १२ मध्ये मावते. प्रत्येक आकडा अर्ध्या बाइटात दाबून बसविला तर तीच ४ जीबीत येते आणि दोन्ही कार्डांवर चालते. मात्र दाबल्याने उत्तरांचा कस थोडा उतरतो. एकदा मावली म्हणजे मग रस्त्याची रुंदी महत्त्वाची, कारण प्रत्येक शब्दासाठी सारी वखार एकदा चाळावी लागते. येथे ३६० विरुद्ध २७२ हा फरक जुन्या कार्डाच्या बाजूने पडतो.

आता व्यापारातील एक खाच सांगतो, जी पाहून मला आपल्याच बाजाराची आठवण झाली. २०२२ च्या अखेरीस याच कंपनीने 'आरटीएक्स ३०६०' हेच नाव ठेवून ८ जीबीचे दुसरे कार्ड काढले. हमाल तेवढेच, ३५८४. पण रस्ता १२८ पदरी, म्हणजे वेग ३६० ऐवजी २४० जीबी. नाव एक, छाप एक, माल निराळा! नुसते "३०६० द्या" म्हणणाऱ्यास यांतले कोणतेही मिळू शकते. '४०६० टीआय' हेही ८ आणि १६ जीबी अशा दोन मापांत निघाले. म्हणून नावाबरोबर मेमरीचे माप लिहून न्यावे. आमच्या सुनेने ते लिहिले होते. खोक्यावर आसूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक अशी निरनिराळी नावे दिसतात, त्यांनी मात्र गोंधळून जाऊ नये. मूळ चिप एनव्हिडियाचीच. हे लोक तीवर पंखे बसवून आपल्या छापाने विकतात. चिप तीच असता पंख्यांच्या शोभेसाठी फार पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसला नाही.

जुने ३०६० हातबदल घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. २०२१ साली या कार्डांचा बाजारात दुष्काळ पडला होता. एक कारण असे की, 'इथेरियम' नावाचे आभासी नाणे या कार्डांवर पाडता येई, आणि नाणी पाडणारे लोक शेकड्याने कार्डे उचलीत. यास आळा घालावा म्हणून कंपनीने ३०६० चा त्या कामापुरता वेग निम्म्यावर आणणारे कुलूप बसविले. आणि पुढच्याच महिन्यात आपल्याच हाताने चुकून अशी एक प्रणाली प्रसिद्ध केली की ज्यामुळे ते कुलूप उघडले! साठेबाजीवर निर्बंध आणि निर्बंधातून पळवाट, हा खेळ आपण धान्यात पुष्कळ पाहिला आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने नाणी पाडण्याची ती पद्धतच बंद केली, आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. तेव्हा हातबदल माल घेताना पंखे वाजतात काय आणि पूर्ण भाराने तासभर चालविल्यावर कार्ड टिकते काय, हे समक्ष पाहावे.

पेढीच्या कामाबद्दल विचाराल तर उत्तर अगदी थोडके आहे. टॅली, बिले, जीएसटीची पत्रके यांसाठी वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची मुळीच गरज नाही. बहुतेक प्रोसेसरांत चित्रापुरती सोय अंगचीच असते. या कामासाठी कोणी कार्ड खपवू लागला तर नम्रपणे नकार द्यावा. कार्डावर १८ टक्के जीएसटी पडतो. घरच्या मंडळींचा नोंदणीकृत व्यवसाय असेल तर बिल त्या नोंदणीवर घ्यावे, म्हणजे कराची वजावट मिळते. मी ते बिलही माझ्या नावे घेतले होते, ही दुसरी चूक.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळीच दोन्ही कार्डांची अदलाबदल झाली. जुने ३०६० सुनेच्या संगणकात बसले, नवे ४०६० पुतण्याकडे गेले. पुतण्याचे खेळ ८ जीबीत मावतात, तेव्हा तो खूष. त्याने फरकाची रक्कम देऊ केली, कारण त्याच्या वापरलेल्या कार्डापेक्षा नव्याची किंमत उघडच अधिक होती आणि हमीची मुदतही शिल्लक होती. मी ती घेतली नाही. रोजमेळात ती रक्कम माझ्या स्वतःच्या खाती नावे टाकली. मुनीमजींनी तपशील काय लिहू म्हणून विचारले, मी म्हटले, "चिठ्ठी न वाचल्याबद्दल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि तसेच लिहिले. गेलेले गिऱ्हाईक काही परत आले नाही. दुसरी आली.

सुनेचे काम आता वाढले आहे आणि १२ जीबीही अपुरी पडू लागली आहे. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० बाजारात आले. त्याचा वखारीचा रस्ता ४४८ जीबीचा, हमाल ३८४०. पण वखार पुन्हा ८ जीबीचीच. गेल्या महिन्यात तिने मला नवी चिठ्ठी दिली : "५०६० टीआय, मेमरी १६ जीबी." त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखीचे हसून ५०६० चा खोका पुढे केला आणि म्हणाला, "शेठजी, अगदी नवा माल." मी खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या काउंटरवर ठेवली, आणि ती त्याला मोठ्याने वाचावयास लावली.